दुसरी हार्डडिस्क दिसत नाही, किंवा दिसता दिसता गायब होते

मे महिन्यात दुपारी दोन-अडीचला दुकानातला फोन वाजला की नंबर बघायची गरजच उरली नव्हती. पारोळ्याकडचा एक फोटोग्राफर. "भो, डिस्क परत गायब व्हयनी!" एवढं एकच वाक्य आणि मागे कूलरची घरघर.

लग्नसराई ऐन भरात होती. शूटिंग ठेवायला त्याने चार टीबीची नवी डिस्क घेतली, यूट्यूबवर बघून स्वतःच कॅबिनेट उघडलं आणि बसवली. आठवडाभर सगळं छान चाललं. मग एका दुपारी हळदीची शूटिंग कॉपी होता होता मध्येच एरर आली आणि माय कॉम्प्युटरमधून ती डिस्कच नाहीशी झाली. बंद करून चालू केलं तर परत हजर, सगळ्या फायली जागेवर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकाने सांगितलं विंडोजचा प्रॉब्लेम आहे, म्हणून त्याने विंडोज दोनदा नव्याने टाकून घेतलं. दुसऱ्याने सांगितलं डिस्क खराब आहे, म्हणून वॉरंटीत बदलून आणली. बदललेली डिस्कही चौथ्या दिवशी गायब. माझ्याकडे आला तेव्हा तो माणूस कॉम्प्युटरपेक्षा जास्त तापलेला होता.

त्याची भानगड काय निघाली ते खाली सांगतो. आधी साध्या केसेस, कारण माझ्या अमळनेरच्या दुकानात "दुसरी डिस्क दिसत नाही" म्हणून येणाऱ्या दहांतल्या सात-आठ जणांची डिस्क धडधाकट असते.

दिसत नाही म्हणजे कुठे दिसत नाही?

फोनवर मी पहिला प्रश्न हाच विचारतो. उत्तर ठरलेलं: "माय कॉम्प्युटरमध्ये." (विंडोजने नाव कधीच बदलून धिस पीसी केलं, आपल्याकडे अजून माय कॉम्प्युटरच चालतं.) पण ती तर सगळ्यात शेवटची जागा. तिथे पोचायच्या आधी डिस्कला वीज मिळून ती फिरायला लागावी लागते, मग बायोसने (विंडोजच्या आधी जागा होणारा, मदरबोर्डावरचा छोटा प्रोग्राम) तिला ओळखावं लागतं, मग विंडोजने. ती कुठल्या दाराशी अडकलीय हे कळल्याशिवाय कशालाच हात लावू नका. लोक नेमकं उलटं करतात, आधी फॉरमॅट आणि मग विचार.

फिरते की नाही हे बघायला कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही. कॅबिनेटची बाजूची पत्री काढा, डिस्कच्या कडेला दोन बोटं टेकवा आणि कोणाला तरी बटण दाबायला सांगा. चालू होताना बारीक थरथर जाणवते आणि सुरुवातीला चढत जाणारा आवाज येतो. थरथर नाही म्हणजे वीज पोचत नाही. टक-टक-टक असा ठराविक अंतराने आवाज आला आणि मग शांतता, तर डिस्कच्या आतलं हेड गेलंय असं समजा, पुढचे प्रयोग थांबवा. आत महत्त्वाचं काही असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडेच न्या आणि नेईपर्यंत तिला वीज देऊ नका. एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, तिच्यात फिरायला काही नसतंच, त्यामुळे तिथे थेट बायोसपासून सुरुवात.

बायोसमध्ये जायला चालू करताच डिलीट किंवा एफ२ दाबत राहा. स्टोरेज किंवा साटा (आतली डिस्क जोडायची नेहमीची पद्धत) असं लिहिलेल्या पानावर डिस्कचा मॉडेल नंबर दिसायला हवा. तिथे दिसली की वायरिंगची काळजी निम्मी मिटली.

त्यानंतर विंडोजमध्ये स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खालच्या भागात डिस्क ०, डिस्क १ अशा आडव्या पट्ट्या दिसतात. माय कॉम्प्युटरमध्ये नसलेली डिस्क इथे सापडते, आणि बहुतेक वेळा सापडतेच.

बायोसमध्येच नाही

साटाची डेटा वायर सात पिनांची आणि पॉवरची पट्टी पंधरा पिनांची, दोन्ही इंग्रजी एल आकाराच्या खाचेत बसतात. डेटा वायर काढून दोन्ही टोकं अदलाबदल करून लावा. तरी नाही तर पहिल्या, चालू असलेल्या डिस्कची वायर हिला लावून बघा. हा प्रयोग दोन मिनिटांचा आहे आणि तो न करता लोक तीस किलोमीटर बसने डिस्क घेऊन येतात. वायर मदरबोर्डावरच्या दुसऱ्या पोर्टमध्ये घालून बघणं हा त्याचाच पुढचा भाग. काही बोर्डांच्या बायोसमध्ये एकेक पोर्ट बंद-चालू करायची सोय असते, तीही बघून घ्या.

आपल्याकडच्या धुळीचं सांगायला नको. जिनिंगच्या ऑफिसातला कॉम्प्युटर उघडला की आत सरकीच्या केसांची गादी असते. रिकाम्या साटा पोर्टमध्ये वर्षानुवर्षं धूळ भरते आणि मग एके दिवशी त्यातच वायर खुपसली जाते. ब्लोअर मारा, मऊ ब्रशने झटका, मग लावा.

आणि हो, अजूनही एखादे आप्पा विचारतात, "जंपर कुठे लावायचा? मास्टर करू का स्लेव्ह?" जंपर म्हणजे पिनांवर घालायची छोटी टोपी, ते जुन्या चाळीस पिनांच्या रुंद पट्टीच्या डिस्कांचं प्रकरण. एकाच पट्टीवर दोन डिस्का असायच्या म्हणून कोण मास्टर ते ठरवावं लागायचं. साटामध्ये एका वायरीला एकच डिस्क, तिथे जंपरला काम नाही. साटा डिस्कवर कुठे चार पिना दिसल्याच तर त्या वेगळ्या कामाच्या असतात, त्यांना तसंच राहू द्या.

आता एक गोष्ट जी भल्याभल्यांना चकवते. नव्या बोर्डांवर एम डॉट टू नावाची आडवी खाच असते, च्युइंगमच्या पट्टीएवढी एसएसडी तिच्यात बसते. बऱ्याच बोर्डांवर ही खाच आणि साटाचे एक-दोन पोर्ट एकाच वाटेवर असतात. खाचेत एसएसडी घातली की ते पोर्ट आपोआप बंद. माणूस म्हणतो, "कालपर्यंत दिसत होती, नवी एसएसडी टाकली आणि जुनी डिस्क मेली." मेलेली नसते, तिचा पोर्ट झोपलेला असतो. कुठला पोर्ट बंद होतो ते बोर्डाच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. पुस्तिका हरवली असेल तर वायर एकेका पोर्टमध्ये सरकवत जा.

याच खाचेचा दुसरा घोळ म्हणजे एम डॉट टूच्या पट्ट्या दोन जातींच्या मिळतात, साटा आणि एनव्हीएमई. दिसायला जवळपास सारख्या, पण बोर्डाची खाच एकीलाच ओळखत असेल तर दुसरी बसेल आणि तरी दिसणार नाही. विकत घेतानाच बोर्डाचा मॉडेल नंबर दुकानदाराला दाखवा.

बाहेरची यूएसबी डिस्क स्वस्तात मिळाली म्हणून तिचं खोकं फोडून आतली डिस्क कॅबिनेटमध्ये बसवणारे उत्साही आपल्याकडे कमी नाहीत. अशा काही नव्या डिस्का फिरतच नाहीत. कारण असं की साटा पॉवरच्या पट्टीतल्या तिसऱ्या पिनेला नव्या नियमांत वेगळं काम दिलंय: तिच्यावर ३.३ व्होल्ट आले की डिस्कने झोपून राहायचं. सर्व्हरवाल्यांना लांबून डिस्क बंद-चालू करता यावी म्हणून ती सोय. आपल्या साध्या एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) मात्र त्या पिनेवर ३.३ व्होल्ट कायमच येत असतात, ती नारिंगी वायर. मोलेक्स हा पॉवरचा जुना चार पिनांचा जोड, त्याच्या चार वायरींमध्ये पिवळी, लाल आणि दोन काळ्या असतात, नारिंगी नसते. म्हणून मोलेक्सवरून पॉवर दिली की तीच डिस्क गुपचूप फिरायला लागते. पण मोलेक्सचा कन्व्हर्टर कुठला लावायचा, त्यातच पारोळ्याच्या भाऊची कहाणी दडलीय. थोडं थांबा.

बायोसमध्ये आहे, माय कॉम्प्युटरमध्ये नाही

डिस्क अगदी नवी असेल तर डिस्क मॅनेजमेंट उघडताच विंडोज विचारतं, इनिशियलाइज करू का? एमबीआर की जीपीटी? (डिस्कवरच्या भागांची यादी ठेवायच्या या जुनी आणि नवी पद्धती.) नव्या, रिकाम्या डिस्कला खुशाल हो म्हणा आणि जीपीटी निवडा. एमबीआरच्या हिशेबात दोन टीबीच्या पुढचं मोजताच येत नाही. चार टीबीची डिस्क एमबीआर केली तर ३७२६ जीबीपैकी २०४८ जीबीच हाती लागतात, बाकीची जागा काळ्या पट्टीखाली पडून राहते. जीपीटी केलं की सगळी डिस्क एका काळ्या पट्टीत दिसते, तिच्यावर राइट क्लिक, न्यू सिंपल व्हॉल्यूम, पुढे-पुढे करत जा, एनटीएफएस, क्विक फॉरमॅट. झालं.

(एक टीबीची डिस्क ९३१ जीबी दाखवते म्हणून भांडायला येणारेही असतात. कंपनी एक हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. दुकानदाराने मधले ६९ जीबी खाल्लेले नाहीत.)

हेच इनिशियलाइजचं खोकं जुन्या, भरलेल्या डिस्कवर आलं तर मात्र हात मागे घ्या. गेल्या दिवाळीच्या आधी रावेरकडचे एक नाना सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधली डिस्क काढून घेऊन आले. केळीच्या वखारीतून वजनकाटा चोरीला गेलेला, रात्रीचं रेकॉर्डिंग हवं होतं. घरच्या कॉम्प्युटरला त्यांनी डिस्क जोडली, विंडोजने विचारलं इनिशियलाइज करू का, पोराने ओके केलं. मग विचारलं फॉरमॅट करू का, तेही केलं. डीव्हीआर बरेचदा स्वतःच्याच पद्धतीने डिस्क लिहितो, विंडोजला ती लिपी वाचता येत नाही, म्हणून भरलेली डिस्क त्याला कोरी पाटी वाटते. पोराने केलं त्यात डिस्कचा सुरुवातीचा भाग नव्याने लिहिला गेला. रेकॉर्डिंगचा मोठा हिस्सा खाली तसाच होता, पण तो बाहेर काढायला रिकव्हरीवाल्याने जे पैसे सांगितले त्यात दोन नवे वजनकाटे आले असते. डीव्हीआरची डिस्क डीव्हीआरलाच लावा आणि तिथूनच पेनड्राइव्हवर क्लिप काढा.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये निळी पट्टी आहे, आकडे बरोबर आहेत, हेल्दी लिहिलंय, फक्त नावापुढे अक्षर नाही? मग ड्राइव्ह लेटर द्यायचं राहिलंय. पट्टीवर राइट क्लिक, चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स, अ‍ॅड. कार्ड रीडर, पेनड्राइव्ह, ऑफिसातलं नेटवर्क फोल्डर यांनी अक्षरं अडवून ठेवलेली असतात आणि त्या गर्दीत दुसऱ्या डिस्कचं अक्षर हुकतं. फोटोग्राफर मंडळींना इथे माझा आग्रहाचा सल्ला: डिस्कला शेवटाकडचं एखादं अक्षर कायमचं देऊन टाका, पी किंवा व्ही. आज ई आणि उद्या एफ झालं की एडिटिंगचं सॉफ्टवेअर आपल्या प्रोजेक्टमधली प्रत्येक क्लिप हरवली म्हणून लाल करून दाखवतं.

डिस्कपुढे ऑफलाइन लिहिलेलं असेल तर तिच्या नावाच्या चौकोनावर राइट क्लिक करून ऑनलाइन करा. पट्टीवर नाही, डाव्या टोकाच्या चौकोनावर. इथे बरेच जण चुकीच्या जागी क्लिक करून पर्यायच नाही म्हणतात. जुन्या डिस्कवरून एसएसडीवर क्लोन (हुबेहूब नक्कल) करून दोन्ही एकाच कॉम्प्युटरमध्ये ठेवल्या की हा प्रकार हमखास होतो. दोघींची सही सारखी असते, विंडोजला जुळ्या बहिणींतली कोण कोण ते कळत नाही आणि ते एकीला बाहेर उभं करतं. ऑनलाइन केलं की तिला नवी सही मिळते. जुन्या डिस्कवरून पुन्हा कधी विंडोज चालू करायची वेळ येऊ शकते असं वाटत असेल तर मात्र तिला तशीच बाहेर काढून ठेवा, सही बदलली की ती चालू व्हायला कुरकुर करू शकते.

फॉरेन असं लिहून आलं तर ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरवर डायनॅमिक (विंडोजची भाग पाडायची वेगळी पद्धत) केलेली होती. इंपोर्ट फॉरेन डिस्क्स हा पर्याय आहे.

रॉ लिहून आलं तर सावकाश. डिस्क आहे, पार्टिशन आहे, पण आतला हिशेब वाचता येत नाही. विंडोज लगेच फॉरमॅटचा आग्रह धरतं, कॅन्सल करा. बिटलॉकरचं कुलूप लावलेलं होतं का ते आठवा, कारण जुन्या विंडोजच्या किंवा लिनक्सच्या मशीनला अशी डिस्क परकी वाटू शकते. ते नसेल तर आधी वायर आणि पोर्ट बदलून बघा. त्यानंतर लोक चेकडिस्क (विंडोजमधलं डिस्क तपासून दुरुस्त करायचं साधन) चालवायला सांगतात. मी सांगत नाही, निदान पहिल्या फटक्यात नाही. ते दुरुस्ती करताना डिस्कवर लिहितं आणि मरायला टेकलेल्या डिस्कला ती धावपळ झेपत नाही. आत पोरांच्या बारशाचे फोटो असतील तर आधी पूर्ण डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्या, मग नकलेवर काय ते प्रयोग करा.

दिसते, चालते आणि मध्येच गायब होते

आता पारोळा.

भाऊ मशीन घेऊन आला. मी दोन तास कॉपी करत बसलो, काही झालं नाही. दुकानात डिस्क नीट, घरी गायब. अशा केसचा मला मनापासून कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू. पण त्याने आधीच दोनदा विंडोज आणि एकदा डिस्क बदललेली होती, त्यामुळे त्या दोघांवरचा संशय आपोआपच उठला होता. उरलं काय? वायर, पोर्ट, पॉवर.

क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर मी अशा वेळी लावतो. डिस्क स्वतःबद्दलची एक डायरी आतल्या आत लिहीत असते, ती हे उघडून दाखवतं. बहुतेक लोक फक्त निळा 'गुड' बघून बंद करतात. खरी मजा खालच्या आकड्यांत असते. ०५ आणि सी५ या ओळींतले आकडे वाढत असतील तर डिस्कची आतली चकतीच खराब होतेय, सामान हलवायला घ्या. सी७ ही ओळ डिस्क आणि बोर्ड यांच्यामध्ये रस्त्यात बिघडलेल्या डेटाची, म्हणजे बहुतेक वेळा डेटा वायरीची. हा आकडा कधी कमी होत नाही, त्यामुळे तो किती आहे याला फार अर्थ नाही, वाढतोय का ते बघायचं. भाऊच्या डिस्कवर सी७ शून्य. म्हणजे वायर निर्दोष.

उजवीकडे वर एक आकडा असतो, पॉवर ऑन काउंट. डिस्कला आजवर किती वेळा वीज नव्याने मिळाली तो. वॉरंटीत बदलून आणलेली ही डिस्क लावून एकोणीस दिवस झाले होते. भाऊला विचारलं, दिवसातून किती वेळा चालू-बंद करतोस? सकाळी चालू, रात्री बंद, गायब झाली की एकदा परत चालू. स्लीपला टाकतोस का? नाही. (स्लीपमधून उठवलं तरी हा आकडा वाढतो, म्हणून विचारून घ्यावं लागतं.) फार तर चाळीस व्हायला हवे होते. आकडा होता १६८.

कॉम्प्युटर चालूच असताना डिस्कची वीज दिवसातून कितीतरी वेळा तुटत होती आणि परत येत होती. कॉपी चाललेली असताना तुटली की गायब झालेली कळायची, बाकी वेळी कोणाच्या लक्षातही यायचं नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीमखाली शोधलं तर १५७ नंबरच्या नोंदींची रांगच होती. त्या नोंदीचा अर्थच असा, की डिस्क न सांगता अचानक काढली गेली.

एसएमपीएसवर साटाची पॉवर पट्टी एकच शिल्लक होती आणि ती एसएसडीने घेतलेली, म्हणून भाऊने मोलेक्सवरून साटा करणारा कन्व्हर्टर लावला होता. शंभराच्या आतला माल. डोळ्यांना सगळं ठीक दिसत होतं. मी तो मोलेक्सचा जोड हलकेच सोडवला आणि टॉर्च धरला. मोलेक्सच्या मादी बाजूला चार पितळी नळ्या असतात, समोरची पिन तिच्यात घट्ट जायला हवी. पिवळ्या वायरीची नळी फाकलेली होती, फुलाची पाकळी उघडावी तशी, आणि तिच्याभोवतीचा पांढरा प्लास्टिक चहाच्या डागासारखा पिवळसर तपकिरी झाला होता. पिवळी म्हणजे १२ व्होल्ट. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करते तेव्हा याच वायरीतून दोन अँपिअरच्या आसपास ओढते.

मग मल्टीमीटर लावला. एसएमपीएसकडच्या बाजूला ११.९. डिस्ककडच्या बाजूला ११.२, आणि बोटाने वायर हलवली की आकडा नाचायचा. १२ व्होल्टची लाइन ११.४ च्या खाली जाऊ नये. सैल जोडाला रोध जास्त, म्हणून तो तापतो, तापला की नळीची पकड आणखी ढिली होते, मग आणखी तापतो. माझ्या दुकानात सकाळी पंखा चालू, पत्री उघडी, मशीन आडवं ठेवलेलं, त्यात वायर ताणलेली नव्हती. त्याच्याकडे पत्र्याच्या छताखाली मे महिन्यातली दुपार, पत्री बंद, वायर कोंबून बसवलेली. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा इकडेही काही थंडावा नसतो. बहुतेक घरगुती डिस्कांना ६० अंशांपर्यंतच काम करायची परवानगी असते, आणि खोलीच ४४ अंशांवर असेल तर डिस्क तिथवर पोचायला वेळ लागत नाही.

कूलरचंही एक. उकडतंय म्हणून भाऊने कूलरचं तोंड थेट कॅबिनेटकडे वळवलं होतं. माणसाला बरं वाटतं ते मशीनला मानवेलच असं नाही. ती ओली हवा आत जाऊन पिनांवर बसते, धुळीचा चिखल होतो आणि धातू काळवंडतो. पंखा द्या, कूलरचं तोंड दुसरीकडे वळवा.

इलाज? कन्व्हर्टर कचऱ्यात टाकला आणि साटाच्या दोन-तीन पट्ट्या मुळातच असलेला चांगल्या कंपनीचा एसएमपीएस लावला. बजेट नसेल आणि कन्व्हर्टरच लावायचा असेल तर साटाच्या टोकाकडे बघून घ्या. ज्याच्यात वायरी प्लास्टिकच्या ठोकळ्यात वितळवून एकजीव केलेल्या असतात तो घेऊ नका. त्याच्या आत वायरी एकमेकींना टेकून जळाल्याच्या तक्रारी जगभर आहेत. ज्याच्या मागच्या बाजूला छोटी झाकणी असते आणि वायरी एकेक दाबून बसवलेल्या दिसतात, तो त्यातल्या त्यात बरा. मोलेक्स जोडताना चारही नळ्या गोल आहेत ना ते बघा, फाकलेली असेल तर बारीक स्क्रूड्रायव्हरने दाबून घ्या. एसएमपीएसचा डबा मात्र स्वतः उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीव असतो.

तुमची डिस्क अशीच गायब होत असेल तर मशीन कोणाकडे न्यायच्या आधी एवढं घरीच करा: पॉवर ऑन काउंट आणि सी७ हे दोन आकडे कागदावर लिहा, दिवसभर मशीन बंद न करता काम करा, डिस्क गेली की चालू-बंद करून परत वाचा. काउंट एकानेच वाढला तर तो तुम्ही केलेल्या चालू-बंदचा. जास्त वाढला तर पॉवर. सी७ वाढला तर डेटा वायर, नवी आणा. दोन्ही जागच्या जागी आणि ०५, सी५ वाढतायत, तर डिस्क खरंच जातेय.

आणि काहीच वाढत नसेल, फक्त बराच वेळ न वापरल्यावर फोल्डर उघडायला आठ-दहा सेकंद लागत असतील, तर ती गायब होत नाही, झोपते. पॉवर ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर याच्यापुढे साधारण २० मिनिटं लिहिलेली असतात. तिथे शून्य टाका.

विंडोज टाकणाऱ्यांसाठी एक. दोन डिस्का लावलेल्या असताना विंडोज टाकलं तर चालू होण्याचा भाग कधीकधी दुसऱ्याच डिस्कवर जाऊन बसतो. वर्षभराने ती डिस्क काढली की मशीन चालूच होत नाही आणि दोष नव्या एसएसडीला मिळतो. विंडोज टाकताना दुसऱ्या डिस्कची डेटा वायर काढून ठेवा, झाल्यावर लावा. भाऊच्या मशीनवर दोनदा विंडोज टाकणाऱ्याने हे केलं नव्हतं, ते निस्तरायला माझा आणखी एक तास गेला. त्याचे पैसे मी घेतले नाहीत, आंबे घेतले.

एसएमपीएस बदलला तेव्हा काउंट १७१ होता. मी तो स्केच पेनने कॅबिनेटच्या आतल्या बाजूला लिहून दिला. दर रविवारी भाऊचा व्हॉट्सअ‍ॅप येतो, फक्त आकडा: १७९, १८६, १९३. श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या आठवड्यात मात्र आकडा एकदम उडी मारून आला आणि मी लगेच फोन लावला. "काय व्हयनं भो?" तर म्हणे, गावात दिवसभर लाइट जात-येत होती.